मास्कला झालर

एका सोमवारी सकाळी मी माझा मास्क तोंडाला लावला आणि आतून लवंगेचा वास आला. मी लवंग खात नाही. माझ्या सगळ्या दाढा शाबूत आहेत. म्हणजे हा मास्क माझा नव्हता, आणि माझा मास्क त्या क्षणी दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडावर होता, एवढा उलगडा व्हायला मला दोन श्वास लागले. ते दोन श्वास मी अजून विसरलेले नाही.

मास्क म्हणजे कोणता, ते आधी सांगायला हवं. आमचं खातं एका मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळघरात आहे. जुनी, फाटकी, किड्यांनी चाळणी केलेली पुस्तकं आमच्याकडे येतात आणि बरी होऊन वर जातात. आठ महिन्यांपूर्वी एका दानशूर घराण्याने आपल्या पूर्वजांचा चाळीस पेट्यांचा संग्रह आम्हाला दान केला. पुस्तकांबरोबर बुरशीही दान केली, पण तिचा उल्लेख दानपत्रात नव्हता. पहिली पेटी उघडली आणि आम्ही पाचही जण संध्याकाळपर्यंत शिंकत राहिलो. मग वरून मास्क आले. साधे कापडी नव्हेत. राखाडी रबराचे, दोन्ही गालांवर हवा गाळणाऱ्या गुलाबी चकत्या, नाकासमोर श्वास बाहेर सोडायची झडप, धुऊन पुन्हा पुन्हा वापरायचे. ते लावलं की माणूस मोठ्या माशीसारखा दिसतो. अशा पाच माश्या एका टेबलाभोवती बसून ज्ञानेश्वर्या असोत की पाकशास्त्र, सारख्याच मन लावून पुसताहेत, असं दृश्य आमच्याकडे रोज सकाळी दहा ते पाच पाहायला मिळायचं.

या माश्यांची मी प्रमुख. दोन वर्षं झाली, पण 'प्रमुख' हा शब्द अजून अंगाला चावतो, नव्या चपलेसारखा.

बाकीचे चौघे असे. पुस्तकं शिवणारे आणि बांधणारे बाइंडरकाका, आमच्यात सगळ्यात जुने. पुस्तकांना क्रमांक देणारी सूचीवाली. पानांचे फोटो काढणारा स्कॅनवाला, जो दाराच्या चौकटीतून जरा तिरका होऊनच आत येतो, इतका धिप्पाड आहे. आणि मऊ ब्रशने पानापानावरची धूळ काढणाऱ्या मावशी.

लवंग स्कॅनवाल्याची निघाली. त्याची दाढ दुखत होती. माझा मास्क त्याच्याकडे गेल्याचं त्यालाही कळलं होतं, पण तो सभ्य मुलगा असल्यामुळे गप्प राहिला होता. "छान पावडरचा वास येत होता, मॅडम," एवढंच म्हणाला. मी हे घरी सांगितलं नाही.

मास्कवर खूण हवी, यावर एकमत झालं. सूचीवालीने लगेच क्रमांक सुचवले. तिच्या मते जगात क्रमांकात न बसणारी गोष्टच नाही. तिने रबरावर आतल्या बाजूने शाईने एक ते पाच आकडे घातले. दुपारपर्यंत घामाने शाई ओघळली आणि तिच्याच गालावर उलटा चार उमटला. दुसऱ्या दिवशी चिकटपट्ट्या लावल्या, त्या साबणाच्या पाण्यात पोहू लागल्या. मावशींचं म्हणणं, दोरे बांधा. दोरे पुस्तकांत अडकले.

इथेच कुणी शहाणी बाई थांबली असती. पण मला एक किडा चावला. वाटलं, आकडाच कशाला हवा? आठ महिने आम्ही एकमेकांना फक्त कपाळावरून ओळखतोय. प्रत्येकाने आपल्या मास्कवर आपल्याला शोभेल असं काहीतरी काढलं तर? आणि खरं सांगायचं तर खुणेपेक्षा मला दुसरंच कुतूहल होतं. ही माणसं, ज्यांच्या डब्यातली भाजीसुद्धा मला पाठ आहे, ती स्वतःसाठी काय निवडतील?

म्हटलं, पहिला प्रयोग स्वतःवर.

माझ्या निम्म्या कपड्यांचा रंग जांभळा आहे. त्या संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि जांभळ्या नेलपॉलिशने मास्कवर वेल काढायला घेतली. नवरा समोर येऊन बसला. बराच वेळ बघून त्याने विचारलं, हे रबराला चालतं का? मी म्हटलं, नखाला चालतं ते रबराला का चालणार नाही? या वाक्यात तर्क नाही, हे मला बोलताना जाणवलं होतं. पण नवऱ्याशी बोलताना दर वेळी तर्क कशाला खर्च करायचा.

सकाळी वेल सुंदर वाळली होती. तिच्याखालचं रबर मात्र भिजलेल्या बिस्किटासारखं फुगलं होतं. तरी मी मास्क लावून कामावर बसले, आणि अकराच्या सुमारास समोरचं पुस्तक हळूहळू लांब जायला लागलं. मावशींनी मला दंडाला धरून जिन्यापर्यंत नेलं आणि मास्क काढून वास घेतला. मग त्या म्हणाल्या, की मॅडम, बुरशी बरी.

आमच्या शेजारी रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नाही, त्यामुळे ते न विचारता सांगतात. नवऱ्याने ही बातमी जिन्यात त्यांच्या कानावर घातली आणि दहाव्या मिनिटाला ते आमच्या टेबलाशी हजर. मास्क उलटासुलटा करून त्यांनी मला पाऊण तास झापलं. रबर आणि नेलपॉलिश यांचं नातं काय, ही चकती वाफ अडवत नाही, फक्त कण अडवते, म्हणजे बाहेरची बुरशी बाहेर ठेवून तुम्ही आत स्वतःची विषारी खोली कशी तयार केलीत, वगैरे. मी खाली मान घालून ऐकलं. शाळेत रसायनशास्त्रात मला जे गुण होते, तेवढेच त्यांनी मला त्या संध्याकाळी पुन्हा दिले.

नेलपॉलिश खरवडून काढलं. मग टिकल्या. चिकटवायला आमच्याच खात्यातली खळ, जी पुस्तकांना चालते आणि कुणालाही चक्कर आणत नाही. दोन दिवस मी चमचमत होते. तिसऱ्या दिवशी एक टिकली निसटली आणि घरंगळत झडपेत जाऊन बसली. मला पत्ताच नाही. नेमके त्याच दिवशी ग्रंथपालसाहेब तळघरात उतरले. ते चाळीस पेट्यांचा आढावा घेत होते आणि मी उत्तरं देत होते. प्रत्येक उत्तरानंतर मी श्वास सोडला की 'पीं' असा बारीक आवाज येई. साहेबांनी आधी खिडकीकडे पाहिलं. मग टेबलाखाली वाकून पाहिलं. शेवटी त्यांनी मला विचारलं, तळघरात मांजर व्यालंय का? मी म्हटलं, नाही साहेब. आणि 'पीं' झालं.

त्या संध्याकाळी प्राध्यापक बोलावल्याशिवायच आले, पण या वेळी झापायला नाही. त्यांचा चेहरा उजळलेला होता. कितीतरी वर्षांनी त्यांना एक प्रश्न मिळाला होता. त्यांनी कागदावर मास्कची आकृती काढली आणि जिथे जिथे हात लावायचा नाही तिथे फुल्या मारत गेले. रबराला काही चिकटवायचं नाही. चकतीच्या तोंडावर काही यायचं नाही, नाहीतर श्वास कोंडेल. झडपेच्या वाटेत काही नको. चेहऱ्याला जिथे कड टेकते तिथे तर धागासुद्धा नको. फुल्या मारून झाल्या तेव्हा सगळा मास्क फुल्यांनी भरला होता. फक्त चकतीभोवतीचं टणक प्लॅस्टिकचं कडं शिल्लक राहिलं, अर्धं बोट रुंद.

"मग त्या कड्याला झालर लावा की," वर्तमानपत्रातून डोकं न काढता नवरा म्हणाला. "पडद्याला लावतात तशी. घालता काढता येईल."

प्राध्यापक आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. आठवडाभर आम्ही दोघांनी डोकं आपटलं होतं. नवऱ्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं. तो प्रसंग त्याने नंतर आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलेला आहे.

झालर जमली. जाड, धागे न सुटणाऱ्या कापडाची गोल पट्टी, आतून इलॅस्टिक, कड्यावर घट्ट बसणारी, रोज काढून धुता येणारी. प्राध्यापकांनी ती पाण्यात उकळून पाहिली, फुंकून पाहिली, भिंगाखाली पाहिली आणि मग पास केली.

आता मी खात्यात जाहीर केलं, की प्रत्येकाने आपापलं चित्र सांगावं, मी घरी मशीनवर शिवून आणते. इथे माझ्या कुतूहलाला जे खाद्य मिळालं ते काय सांगू. धिप्पाड स्कॅनवाल्याला मी मनातल्या मनात वाघ दिला होता. तो दोन दिवस घुटमळला, मग सगळे गेल्यावर हळूच म्हणाला, बदकाची पिल्लं. पिवळी. रांगेत चाललेली. मावशी दिसायला इतक्या सोशिक, पण त्यांनी दात मागितले. दोन्ही गालांवर विचकलेले पांढरे दात, म्हणजे काम करताना कुणी उगाच गप्पा मारायला येणार नाही. सूचीवालीने अर्थातच क्रमांक मागितला, पण साधा नव्हे. मनुष्यप्राणी, स्त्री, अविवाहित, वाचनालयीन असं वर्गीकरण करून काढलेला, तीन दशांश स्थळांपर्यंत. तो झालरीवर मावेना. शेवटी उजव्या गालावर अर्धा आणि डाव्या गालावर अर्धा, असा तोडगा निघाला.

राहिले बाइंडरकाका.

मी त्यांच्या टेबलाशी गेले आणि विचारलं, काका, तुमच्या झालरीवर काय काढू? त्यांनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं, मान डोलावली आणि उठून मला खळीचं भांडं आणून दिलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं. ते उठले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. तिसऱ्या दिवशी मी जरा चढ्या आवाजात विचारलं, तर त्यांनी कपाटातून कात्री काढून माझ्या हातात ठेवली आणि शिवण पुढे चालू केली.

आता मला सांगा, माणसाने काय समजायचं? हेच काका चारच्या चहाला वरच्या मजल्यावर भेटले, की मास्क उतरवून नवऱ्याच्या गुडघ्याची चौकशी करत. अगदी गोड बोलत. चहाच्या टेबलावर सगळं ऐकू येतं आणि कामाच्या टेबलावर कानात बोळे. चहाला तो विषय काढता आला असता, पण चहाच्या वेळी कामाचं बोलायचं नाही, असा नियम प्रमुख झाल्या दिवशी मीच काढला होता. आपलाच नियम आपण मोडायचा म्हणजे शोभा.

मग मी माझा निष्कर्ष काढला. मी या खात्यात शिकाऊ म्हणून आले तेव्हा सुई कशी धरायची ते मला काकांनी शिकवलं होतं. माझी पहिली वही त्यांनी तीन वेळा उसवून पुन्हा शिवायला लावली होती. आणि आता मी त्यांची साहेब. हे त्यांच्या पचनी पडलं नसणार. तोंडाने बोलत नाहीत, पण वागण्यातून दाखवतात. हा निष्कर्ष मला इतका पटला, की त्याला काही पुरावा आहे का, हे मी पाहिलंच नाही.

दरम्यान परवानगीचं प्रकरण उभं राहिलं. साहेबांनी बदकं पाहिली आणि विचारलं, ही कुणाच्या मंजुरीने? मी म्हटलं, अर्ज देते. पण अर्ज कोणता? गणवेशात बदल, हा अर्ज फक्त शिपायांसाठी होता. यंत्रसामग्रीतल्या बदलाचा अर्ज विजेवर चालणाऱ्या वस्तूंसाठी. भांडारातल्या कारकुनाने बराच विचार करून मला लाकडी सामानाचा रंग बदलण्याचा अर्ज दिला आणि हाच जवळात जवळचा आहे म्हणाला. मी तो भरला. वस्तू: मास्क. नग: पाच. रंग बदलण्याचे कारण: ओळख. पायांची संख्या: शून्य. खण असल्यास कुलूप आहे काय: नाही. साहेबांनी तो गंभीरपणे वाचला आणि शेरा मारला, की झालरींमुळे मास्क गळत नाहीत असं बाहेरच्या तपासनिसांचं प्रमाणपत्र आणावं, आणि अर्जावर पाचही जणांच्या सह्या असाव्यात. तोवर नमुना म्हणून वापरायला हरकत नाही.

सहीसाठी मी काकांना तोंडी तीनदा सांगितलं. सही आली नाही. त्यातच सतरा नंबरची पेटी झाली. त्या पेटीत ओली बुरशी होती आणि ती कुणी उघडू नये, असं मी सकाळीच सगळ्यांना टेबलाशी उभं राहून सांगितलं होतं. साडेअकराला पाहते तर काका पेटी उघडून आतला ग्रंथ दाबयंत्रात घालताहेत. ओली पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली. दोनशे वर्षांचा ग्रंथ. मला रडू आलं, आणि मास्कमध्ये रडणं हा फार वाईट अनुभव आहे.

मी वर गेले आणि ज्ञापन लिहिलं. 'वारंवार तोंडी सूचना देऊनही आपण त्यांचे पालन केलेले नाही. ही शिस्तभंगाची बाब आहे. सात दिवसांत लेखी खुलासा करावा.' जावक क्रमांक पडला, प्रत फाइलला लागली. काकांनी ज्ञापन वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि दुपारभर त्या विटेची पानं वाफेवर एकेक करून सोडवत बसले. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, मुजोरी.

दोन दिवसांनी तपासनीस बाई आल्या. त्यांच्याबरोबर एक पेटी होती आणि जोरदार सर्दी होती, म्हणून त्यांनी स्वतः कागदी मास्क लावला होता. परीक्षा सोपी होती. आपला मास्क लावायचा, वरून खांद्यापर्यंत येणारी पारदर्शक टोपी घालायची. मग बाई टोपीत एका भोकातून कडू पाण्याचा फवारा मारणार. मान इकडे तिकडे वळवायची, मोठ्याने वाचायचं. जिभेला कडू लागलं तर मास्क गळतोय.

मावशी पास झाल्या. सूचीवाली पास झाली. स्कॅनवाला तीन दिवसांच्या दाढीमुळे गळला, खाली जाऊन दाढी करून आला आणि बदकांसकट पास झाला. मग मी. टोपीत शिरले आणि दुसऱ्याच फवाऱ्याला तोंडात कारल्याचा रस पसरला. खरं सांगते, क्षणभर मनात आलं की गप्प बसावं. मास्कमधून तोंड वाकडं झालेलं कुणाला दिसणार आहे? प्रमाणपत्राचं सगळं माझ्यावर अडलं होतं. पण जीभच म्हणाली, "कडू."

बाईंनी मास्क तपासला. झालर निर्दोष होती. कड सुजली होती, त्या जुन्या नेलपॉलिशने. तेव्हापासून इतके दिवस मी बुरशी हुंगत होते. चार माणसांसमोर माझ्या नावापुढे 'नापास' लिहिलं गेलं आणि मला नवा मास्क मिळाला, एक माप लहान. मूळचंच माप चुकलं होतं म्हणे.

शेवटी काका. त्यांचा मास्क साधाच, बिनझालरीचा. ते शांतपणे टोपीत जाऊन बसले. बाईंनी कागदी मास्कमधून विचारलं, गेल्या पंधरा मिनिटांत काही खाल्लंय का?

"एकतीस वर्षं झाली," काका म्हणाले.

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. मग विचारलं, दाढी आजच केली ना?

"पुढच्या वर्षी."

कडू लागलं तर हात वर करायचा, कळलं का, असं बाईंनी जरा जोर देऊन विचारलं. काका म्हणाले, "नाही, दोघीच मुली. थोरली शिक्षिका आहे."

स्कॅनवाल्याला हसू आवरेना. मला मात्र समाधान वाटत होतं, हे कबूल करायला हवं. चला, आता बाहेरचं माणूसही साक्षीला आहे. बाईंचा पारा चढला होता. त्यांनी आमच्याकडे पाठ केली, कागदी मास्क खाली ओढून नाक पुसलं आणि काकांच्या बाजूला ठेवलेल्या पेटीकडे बघत काहीतरी पुटपुटल्या. पुटपुटल्या म्हणजे बाजूने नुसते ओठ हललेले दिसले. मी दोन हातांवर उभी होते, मला अक्षर ऐकू आलं नाही.

"तसं नाही हो बाई," टोपीच्या आतून काका म्हणाले. "मी मुद्दाम नाही करत."

बाई गर्रकन वळल्या. त्या मला म्हणाल्या, की मी तर आवाजही काढला नव्हता.

काकांना आपण काय करून बसलो ते कळलं असावं. ते टोपीत मान खाली घालून बसले. आणि माझ्या डोळ्यांसमोरून खळीचं भांडं गेलं, खिडकी गेली, कात्री गेली. प्रत्येक वेळी ते उठण्याआधी माझ्या डोळ्यांकडे बघत होते. मला काय हवं असेल, ते डोळ्यांवरून ओळखायचा प्रयत्न करत होते. आठ महिने. मास्क आले तेव्हापासून.

आता बोलून काय उपयोग होता म्हणा. मी टेबलावरचा कागद घेतला, बाईंचे प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहिले आणि टोपीसमोर धरले. काकांनी एकेक वाचून नीट उत्तरं दिली. शेवटचं वाक्य होतं: कडू लागलं तर हात वर करा. त्यांनी हात वर केला नाही. बाईंनी तीनदा फवारा मारला, फॉर्मवर 'लेखी सूचनांवरून चाचणी, पास' असं लिहिलं, आणि त्यावर कसलीही टिप्पणी केली नाही. त्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

चहाच्या वेळी मी काकांना घेऊन वर खिडकीशी बसले आणि माझाच नियम मोडला. काका म्हणाले, ऐकू येणं कमी होत गेलं त्याला नऊ वर्षं झाली. ओठांवरून भागत होतं, कुणाला कळलंही नाही. मग मास्क आले आणि एका दिवसात सगळ्यांची तोंडं गेली. सांगितलं असतं तर तळघरातून काढून वर कुठेतरी शिक्के मारायला बसवलं असतं. एकच वर्ष उरलंय, ते पुस्तकांजवळ काढायचं होतं.

मी विचारलं, "मला तरी सांगायचं."

"सुई धरायला शिकवलेल्या पोरीला?" ते म्हणाले, आणि चहा प्यायले.

थोड्या वेळाने मी त्यांना पुन्हा विचारलं, या वेळी तोंड उघडं ठेवून, की झालरीवर काय काढू? ते हसले. म्हणाले, "मला नको बाई. माझा मास्क मला दिसत नाही. तुमचे दिसतात. आधी सगळे सारखेच दिसायचे, कोण बोलतंय तेच कळायचं नाही. आता बदक हललं की निदान तिकडे बघता येतं."

मी अर्ज, प्रमाणपत्र, प्राध्यापक, साहेब सगळ्यांशी झगडून जी गोष्ट उभी केली, तिचा खरा उपयोग ज्याला झाला त्याने ती मागितलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःच बाकी तिघांना सांगितलं, मास्क काढून, एका दमात, आणि झालरींच्या अर्जावर सहीही केली. मावशी म्हणाल्या, की मला वाटलं होतंच. आम्हाला तसं वाटत नाही, पण त्यांना तसं म्हणू दिलं. तळघराच्या भिंतीला एक मोठी पाटी टांगली. कुणाला काही सांगायचं असेल तर आधी टेबलावर दोन टकटक करायची, काकांना हादरा कळला की मग पाटीवर लिहायचं. सूचीवालीने हातांच्या खुणांची यादी केली आणि तिला क्रमांक दिले. स्कॅनवाला त्या सगळ्यात आधी शिकला. विटेची एकशे चाळीस पानं काकांनी तोवर सोडवली होती, फाटली फक्त तीन.

उरलं ज्ञापन. ते मागे घ्यावं म्हणून मी जावक विभागात गेले. तिथला कारकून म्हणाला, क्रमांक पडलेला कागद मागे घेता येत नाही. खुलासा यावाच लागतो आणि तो फाइलला लागावा लागतो. मी त्याला पटवलं, चिडले, शेवटी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. मी काकांना पाटीवर लिहिलं, काहीही लिहा, आजारपण लिहा, मी मान्य करते. त्यांनी खडू घेऊन खाली लिहिलं, खोटं कशाला.

सातव्या दिवशी त्यांचा खुलासा माझ्या टेबलावर आला. सुरेख, गोल अक्षर, पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी नावं घालणाऱ्या माणसाचं. आजाराचा उल्लेख नव्हता, कानांचा नव्हता, साहेबांना काही कळेल असं एक अक्षर नव्हतं. दोनच ओळी होत्या:

'सूचना तोंडी होत्या.
तोंडे झाकलेली होती.'

मी तो कागद वाचला. मग पेनाचं टोपण काढलं आणि खाली शेरा मारला: 'खुलासा मान्य. तोंड माझे होते.' सही केली, तारीख घातली आणि कागद फाइलला लावायला पाठवून दिला.